घरगुती फायबरग्लास जलतरण तलाव

घरगुती फायबरग्लास जलतरण तलाव हा काचतंतू आणि रेझिन यांच्या संमिश्रापासून कारखान्यातील साच्यावर घडवलेला व एकसंध हौदाच्या रूपात जागेवर आणून जमिनीत बसवलेला पोहण्याचा तलाव होय. काँक्रीटचा तलाव जागेवर बांधला जातो. फायबरग्लासचा तलाव तयार येतो. त्याचे बहुतेक गुण आणि मर्यादा या एका फरकातून उद्भवतात. तो कमी वेळात बसतो, त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि त्याला सांधे नसतात. मात्र त्याचा आकार साच्याने व वाहतुकीच्या रस्त्याने ठरतो आणि वजनाने तो इतका हलका असतो की रिकामा असताना भोवतालचे भूजल त्याला वर उचलू शकते.

नवी मुंबईत आणि तिच्यालगतच्या पनवेल, उरण, खालापूर व कर्जत तालुक्यांत बंगले, रो-हाउस आणि फार्महाऊस यांच्या आवारात असे तलाव बसवले जातात. खाडीकाठची भरावाची जमीन, पारसिकच्या डोंगररांगेतील बेसाल्ट खडक आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस ही या प्रदेशाची वैशिष्ट्ये आहेत. त्यामुळे येथे तलाव निवडताना रंग, आकार व किंमत यांच्याआधी जमिनीचा प्रकार आणि पावसाळ्यातील भूजलाची पातळी पाहणे आवश्यक ठरते.

संज्ञा व साहित्य

'फायबरग्लास' हा शब्द मूलतः काचेच्या बारीक तंतूंसाठी वापरला जात असला, तरी व्यवहारात तो काचतंतूंनी बळकट केलेल्या प्लॅस्टिकला लावला जातो. भारतीय बाजारपेठेत या पदार्थाला 'एफआरपी' किंवा 'जीआरपी' म्हणतात. बोलीत नुसते 'फायबर' म्हटले जाते. छपराचे पत्रे, रसायनांच्या टाक्या, वाहनांचे भाग आणि मासेमारीच्या होड्या याच पदार्थाच्या बनतात.

या संमिश्रात दोन घटकांची कामे वेगवेगळी असतात. काचतंतू ताण सहन करतात, तर रेझिन तंतूंना एकत्र बांधून आकार टिकवते व पाण्यापासून त्यांचे रक्षण करते. काँक्रीटमध्ये लोखंडी सळई आणि सिमेंट यांचे जे नाते असते, साधारण तेच येथे काचतंतू आणि रेझिन यांचे असते.

हौदासाठी मुख्यतः तीन प्रकारची रेझिन वापरली जातात. ऑर्थोफ्थॅलिक पॉलिएस्टर सर्वांत स्वस्त असते. परंतु सतत पाण्यात राहिल्यास त्याचा टिकाव कमी असतो. आयसोफ्थॅलिक पॉलिएस्टर पाण्याला व सौम्य रसायनांना अधिक चांगले तोंड देते. व्हिनाइल एस्टर या दोहोंपेक्षा महाग असून पाण्याच्या शिरकावाला सर्वाधिक प्रतिकार करते. बाहेरून तिन्ही हौद सारखेच दिसतात. त्यामुळे कोणत्या थरात कोणते रेझिन वापरले आहे, हे पाहून ओळखता येत नाही. ते लेखी नोंदीवरूनच कळते.

इतिहास

काचेचे तंतू मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची पद्धत अमेरिकेत १९३० च्या दशकात विकसित झाली. ओवेन्स-इलिनॉय या काचेच्या बाटल्या बनवणाऱ्या कंपनीतील गेम्स स्लेटर यांचे काम त्यात महत्त्वाचे होते. ही कंपनी आणि कॉर्निंग ग्लास वर्क्स यांनी मिळून १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग फायबरग्लास ही कंपनी स्थापन केली. पॉलिएस्टर रेझिन व काचतंतू यांचा एकत्रित वापर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वाढला. रडार लहरींना अडथळा न करणारी, हलकी व मजबूत आवरणे विमानांसाठी हवी होती आणि हे संमिश्र त्या गरजेला उतरले. युद्धानंतर त्याच तंत्राने होड्या बनू लागल्या. १९५३ मध्ये आलेल्या शेवरले कॉर्व्हेट या मोटारीचा बाह्य सांगाडा फायबरग्लासचा होता. पोहण्याच्या तलावांचे हौदही १९५० च्या दशकापासून बनू लागले.

पुढे ऑस्ट्रेलियात या तलावांचा मोठा प्रसार झाला. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांनी संयुक्तपणे हौदाच्या रचनेसाठी एएस/एनझेडएस १८३८ आणि तो बसवण्याच्या पद्धतीसाठी एएस/एनझेडएस १८३९ ही मानके तयार केली. भारतात तलावाच्या पाण्याच्या गुणवत्तेसाठी आयएस ३३२८, जलतरण तलाव व भूमिगत टाक्यांच्या जलरोधनासाठी आयएस ६४९४ आणि द्रव साठवणाऱ्या काँक्रीट बांधकामासाठी आयएस ३३७० ही मानके आहेत.

नवी मुंबईचा या पदार्थाशी संबंध केवळ ग्राहकाचा नाही. तळोजा औद्योगिक वसाहतीत ओवेन्स कॉर्निंगने उभारलेला काचतंतूंचा कारखाना आहे. ठाणे खाडीलगतच्या रबाळे–महापे औद्योगिक पट्ट्यात फायबरच्या वस्तू घडवणारे लहान उद्योग आहेत. कोकण किनाऱ्यावरील कोळी बांधवांच्या ताफ्यांतही लाकडी होड्यांच्या बरोबरीने फायबरच्या होड्या आल्या आहेत.

हौदाची रचना व निर्मिती

हौद उलट्या क्रमाने, म्हणजे आतल्या पृष्ठभागापासून बाहेरच्या दिशेने घडवला जातो. तलावाच्या आतल्या आकाराचा साचा आधी घासून चकचकीत केला जातो व त्यावर हौद सहज सुटावा म्हणून मेण लावले जाते. त्यानंतर पुढील थर दिले जातात.

पहिला थर जेलकोटचा असतो. हा रंगीत थर पोहणाऱ्याला दिसतो व पायाला लागतो. त्याची जाडी अर्ध्या ते एक मिलिमीटरच्या दरम्यान असते. दुसरा थर रोधक थर असतो. चांगल्या हौदात तो व्हिनाइल एस्टर आणि तुकड्यांच्या काचतंतूंची चटई यांचा असतो. त्यामागे संरचनात्मक थर येतात. त्यांत तुकड्यांची चटई आणि विणलेले काचतंतू आलटून पालटून बसवले जातात व प्रत्येक थरातील हवा रुळाने दाबून बाहेर काढली जाते. शेवटी भिंतींच्या बाहेरच्या बाजूस आडव्या-उभ्या बरगड्या दिल्या जातात. घरगुती हौदाच्या भिंतीची एकूण जाडी सामान्यतः ६ ते १० मिलिमीटर असते. बरगड्यांमुळे एवढी पातळ भिंतही वाकण्यास प्रतिकार करते.

रोधक थराचे महत्त्व पाण्याच्या सूक्ष्म शिरकावामुळे आहे. जेलकोटमधून पाण्याचे रेणू अत्यंत सावकाश आत जातात. आतल्या थरात विरघळणारे घटक किंवा हवेच्या पोकळ्या असतील, तर तेथे परासरणामुळे दाब वाढतो आणि काही वर्षांनी पृष्ठभागावर फोड येतात. दमट हवेत घाईने काम केल्यास, रेझिन पूर्ण कठीण होण्याआधी हौद साच्यातून काढल्यास किंवा हवा नीट न काढल्यास हा दोष संभवतो. रेझिन कितपत कठीण झाले आहे, हे बारकोल नावाच्या हाती धरून वापरायच्या उपकरणाने तपासता येते.

अन्य प्रकारांशी तुलना

घरगुती तलावांचे तीन प्रमुख प्रकार आहेत. पहिला प्रकार सळई घातलेल्या काँक्रीटचा असून त्याला आतून फरशी किंवा मोझेइक लावतात. तो कोणत्याही आकाराचा व खोलीचा बांधता येतो आणि स्थानिक गवंड्यांना ते काम परिचित असते. मात्र बांधकामास कित्येक आठवडे ते काही महिने लागतात. जलरोधन सदोष असल्यास गळती होते, फरशांच्या सांध्यांत शेवाळ धरते आणि सिमेंटमुळे पाण्याचा सामू वाढत राहतो.

दुसरा प्रकार विनाइलच्या अस्तराचा आहे. धातू, काँक्रीट किंवा प्लॅस्टिकच्या भिंतींवर प्लॅस्टिकचे जाड अस्तर ताणून बसवले जाते. सुरुवातीचा खर्च कमी असतो; पण अस्तर फाटू शकते आणि ठरावीक वर्षांनी बदलावे लागते.

तिसरा प्रकार फायबरग्लासचा. खड्डा तयार असल्यास हौद एका दिवसात उतरवता येतो. भराव, नळजोडणी व काठाचे काम धरून सामान्यतः एक ते तीन आठवडे लागतात. पृष्ठभाग सच्छिद्र नसल्याने शेवाळ कमी धरते आणि रसायनांचा वापर घटतो. मर्यादा अशा की आकार व खोली उपलब्ध साच्यांतूनच निवडावी लागते, ट्रेलर व क्रेन यांना वाट लागते आणि खाली वर्णिलेला तरंगण्याचा धोका अधिक असतो.

नवी मुंबईतील जमीन व भूजल

नवी मुंबईच्या नियोजनासाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. शहराचा मोठा भाग ठाणे खाडी व पनवेल खाडी यांच्या काठच्या खाजण, मिठागरे आणि भातखाचरांच्या जमिनीवर मुरमाचा भराव घालून वसवला गेला. काही भागांची मूळ पातळी भरतीच्या पाण्यापेक्षा खाली असल्याने सिडकोने नेदरलँड्समधील पद्धतीच्या धर्तीवर धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी शहरात येऊ नये म्हणून त्यांच्या तोंडाशी झडपा असतात. त्या काळात पावसाचे पाणी धारण तलावात साठते आणि ओहोटीला खाडीत जाते.

या रचनेचा घरगुती तलावाशी थेट संबंध आहे. खाडीलगतच्या विभागांत भरावाखाली मऊ सागरी चिकणमाती असते. ती भाराखाली वर्षानुवर्षे हळूहळू दबत राहते आणि तिच्यातून पाणी सावकाश वाहते. पावसाळ्यात, विशेषतः अतिवृष्टी व मोठी भरती एकाच वेळी आल्यास, भूजल जमिनीच्या पृष्ठभागाजवळ येऊ शकते. शिवाय येथील भूजल बहुधा मचूळ असते. उन्हाळ्यात खणलेला कोरडा खड्डा पाहून काढलेला निष्कर्ष जुलैमध्ये चुकीचा ठरण्याची शक्यता असते.

पारसिक डोंगराच्या पायथ्याशी आणि खारघरच्या टेकड्यांलगत परिस्थिती उलट असते. तेथे थोड्याच खोलीवर बेसाल्ट लागतो. खडक फोडण्याचा खर्च वाढतो. परंतु पाया भक्कम मिळतो. मात्र खडकात खोदलेला खड्डा स्वतःच हौदासारखा वागतो. उतारावरून आलेले पाणी त्यात साचते आणि निचऱ्याची वाट न दिल्यास हौदाभोवती कोंडून राहते. त्यामुळे डोंगराळ भागातही भूजलाचा प्रश्न टळत नाही. त्याचे स्वरूप तेवढे बदलते.

रिकाम्या हौदाचे तरंगणे

आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार पाण्यात बुडालेल्या वस्तूवर तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके प्लावक बल कार्य करते. जमिनीतील हौदालाही हे तत्त्व लागू पडते. भोवतालची माती पाण्याने संपृक्त झाली की हौद त्या पाण्यात बुडालेला असतो.

उदाहरणादाखल ८ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद व सरासरी १.३ मीटर खोल अशा सरळ भिंतींच्या हौदाचा विचार करता येईल. त्यात सुमारे ३६ घनमीटर, म्हणजे ३६,००० लिटर पाणी मावते. ८ मिलिमीटर जाडी व बरगड्या धरून अशा हौदाचे वजन सुमारे एक टन भरते. त्याच्या तळाचे क्षेत्रफळ २८ चौरस मीटर असल्याने भूजल तळाच्या वर केवळ ४ सेंटिमीटर चढले, तरी प्लावक बल रिकाम्या हौदाच्या वजनाइतके होते. भूजल अर्धा मीटर चढल्यास हे बल १४ टन होते. याच आकाराचा, २० सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा तलाव सुमारे २९ टन वजनाचा असतो. तो उचलला जाण्यासाठी भूजल त्याच्या तळाच्या वर सुमारे ९० सेंटिमीटर यावे लागते. या हिशेबात मातीचे घर्षण व काठाच्या काँक्रीटचे वजन धरलेले नाही. त्यांमुळे प्रत्यक्षातील सुरक्षितता थोडी वाढते, परंतु दोन प्रकारांतील तफावत नाहीशी होत नाही.

हौद भरलेला असताना आतील पाण्याचे वजन या बलाला तोलून धरते. आतील पातळी बाहेरच्या भूजलाच्या वर असेपर्यंत तो उचलला जाण्याचा प्रश्न येत नाही. रिकामा झालेला हौद मात्र तत्त्वतः होडीच असतो. तो वर आला की त्याला जोडलेल्या नळ्या तुटतात, काठाची फरशी उखडते आणि खालच्या पोकळीत माती घसरल्याने तो पूर्ववत बसवता येत नाही. संपूर्ण हौद न उचलता तळाचा फुगवटा येणे किंवा भिंत आत झुकणे असे अर्धवट नुकसानही होऊ शकते. म्हणून पावसाळ्यात फायबरग्लासचा तलाव स्वच्छतेसाठी वा दुरुस्तीसाठी रिकामा न करणे हा त्याच्या वापराचा मूलभूत नियम मानला जातो. पाणी उपसणे अपरिहार्य असल्यास आधी भोवतालचे भूजल मोजले व उपसले जाते आणि हे काम कोरड्या ऋतूत केले जाते.

जागेची निवड व परवानग्या

हौद जमिनीत उतरवण्यासाठी त्याच्या मापापेक्षा प्रत्येक बाजूस ३० ते ६० सेंटिमीटर मोठा खड्डा लागतो. इमारतीच्या पायाजवळ खोदकाम केल्यास पायाखालची माती सैल होण्याचा धोका असतो. त्यामुळे लहान भूखंडांवर, उदाहरणार्थ साडेबारा टक्के योजनेतील भूखंडांवर किंवा रो-हाउसच्या मागील मोकळ्या जागेत, तलावाची जागा स्थापत्य अभियंत्याने ठरवणे आवश्यक असते.

वाहतूक ही दुसरी अट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार सर्वसाधारण वाहनाची रुंदी २.६ मीटरपर्यंत असते. त्याहून रुंद हौद आडवा नेल्यास विशेष परवानगी लागते किंवा तो कडेवर उभा करून न्यावा लागतो. त्यानंतर क्रेन उभी करण्यास जागा, वरून जाणाऱ्या विजेच्या तारा, झाडे आणि प्रवेशद्वाराची कमान यांचा विचार करावा लागतो. गावठाणांतील गल्ल्या किंवा चार्ल्स कोरिया यांनी बेलापूर येथे सामाईक अंगणांभोवती आखलेल्या आर्टिस्ट व्हिलेजसारख्या वसाहतींतील अरुंद वाटा मोठ्या हौदास प्रतिकूल असतात.

हौद हलका असल्याने तो गच्चीवर सहज ठेवता येईल असा समज आढळतो. प्रत्यक्षात भार हौदाचा नसून पाण्याचा असतो. १.३ मीटर खोल पाण्याचा भार प्रत्येक चौरस मीटरवर १,३०० किलोग्रॅम होतो. आयएस ८७५ (भाग २) नुसार वापरात असलेल्या गच्चीसाठी धरला जाणारा चल भार सुमारे १५० किलोग्रॅम प्रति चौरस मीटर असतो. म्हणजेच मूळ आराखड्यात तलाव धरलेला नसेल, तर जुन्या इमारतीच्या गच्चीवर तो बसवणे संरचनेला घातक ठरू शकते.

जमीन कोणत्या नियोजन प्राधिकरणाच्या हद्दीत आहे, त्यानुसार परवानगी नवी मुंबई महानगरपालिका, पनवेल महानगरपालिका, सिडको किंवा ग्रामीण भागात संबंधित प्राधिकरण यांच्याकडे मागावी लागते. सिडकोने दिलेले अनेक भूखंड भाडेपट्ट्याचे असल्याने करारातील अटीही पाहाव्या लागतात. खाडी, कांदळवन किंवा समुद्रकिनारा यांच्या जवळील जागांना सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात. बांधकाम आणि भूजल उपसा या दोन्हींवर त्यांत निर्बंध आहेत. गृहनिर्माण संस्थेच्या आवारात संस्थेची संमती आवश्यक असते.

बसवण्याची पद्धत

खोदाई व बसवणी यांसाठी डिसेंबर ते एप्रिल हा काळ सोयीचा असतो. खड्ड्याच्या तळाशी १० ते १५ सेंटिमीटर जाडीचा बारीक खडीचा वा कचेचा थर दाबून समपातळीत आणला जातो. चिकणमातीच्या जमिनीत आधी मऊ माती काढून तेथे मुरूम व खडी भरली जाते, अन्यथा हौद एका बाजूस कलू शकतो. खोदलेली चिकणमाती पुन्हा भरावासाठी वापरू नये. ती ओली होऊन फुगते व भिंतींवर दाब आणते.

हौद ठेवल्यावर आत पाणी व बाहेर भराव एकाच वेळी, साधारण ३० सेंटिमीटरच्या टप्प्यांनी, वाढवला जातो. आधी केवळ पाणी भरल्यास भिंती बाहेर फुगतात. आधी केवळ भराव केल्यास त्या आत दबतात. भरावासाठी ६ ते १० मिलिमीटरची धुतलेली खडी पावसाळी प्रदेशात वाळूपेक्षा सोयीची ठरते, कारण पाणी तिच्यातून सहज निघून जाते. शेवटी हौदाच्या काठाभोवती सळई घातलेल्या काँक्रीटचा पट्टा ओतला जातो. हा पट्टा काठ सरळ ठेवतो व हौदाला जखडून धरतो.

खड्ड्याच्या सर्वांत खोल भागापासून जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत सुमारे १५ सेंटिमीटर व्यासाची, खालच्या भागात छिद्रे पाडलेली उभी नळी बसवली जाते. या निरीक्षण नळीतून भूजलाची पातळी दिसते आणि गरजेनुसार लहान पंप सोडून पाणी उपसता येते. नळीचा खर्च एकूण कामाच्या तुलनेत किरकोळ असतो. भराव झाल्यावर मात्र ती बसवणे कठीण होते.

पाणी व देखभाल

नवी मुंबई महानगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याचा मुख्य स्रोत खालापूर तालुक्यातील धावरी नदीवरील मोरबे धरण आहे. शहरी पाणीपुरवठ्यासाठी केंद्र शासनाच्या नियमपुस्तिकेत दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण दिले आहे. त्या हिशेबाने वरील उदाहरणातील ३६,००० लिटर पाणी पाच जणांच्या कुटुंबाला सुमारे ५३ दिवस पुरते. तलाव एकदा भरल्यावर नीट शुद्धीकरण केल्यास तेच पाणी दीर्घकाळ वापरता येते. परंतु उन्हाळ्यात दररोज ५ मिलिमीटर पाण्याची वाफ झाली, तर या तलावातून रोज १४० लिटर पाणी कमी होते. वापर नसताना आच्छादन घातल्यास ही घट बरीच कमी होते. विंधन विहिरीचे पाणी वापरायचे असल्यास त्याची आधी तपासणी करावी लागते. लोहामुळे जेलकोटवर तपकिरी डाग पडतात.

शुद्धीकरणासाठी पंप व वाळूची गाळणी असते. सर्व पाणी सुमारे सहा तासांत एकदा गाळणीतून जावे, असे धरल्यास या तलावाला तासाला ६,००० लिटर क्षमतेचा संच लागतो. जंतुनाशनासाठी मुक्त क्लोरीनचे प्रमाण सामान्यतः १ ते ३ मिलिग्रॅम प्रति लिटर व सामू ७.२ ते ७.८ राखला जातो. क्लोरीनची पूड किंवा गोळी थेट तळावर टाकल्यास जेलकोटचा रंग उडतो; म्हणून ती बादलीत विरघळवून घातली जाते.

पावसाळ्यात देखभालीचे स्वरूप बदलते. पावसाच्या पाण्याने क्लोरीन विरळ होते व पाण्याची क्षारीयता घटते. पानगळ व माती यांमुळे शेवाळ वाढते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा पावसात उघडा तलाव जवळजवळ एक मीटर पाणी ग्रहण करतो. त्यामुळे जादा पाणी बाहेर जाण्याची वाट पुरेशी असावी लागते आणि आवारातील पाणी तलावाकडे न येता बाहेर जाईल असा उतार द्यावा लागतो. गाळणी धुतलेले क्लोरीनयुक्त पाणी खाडीत किंवा पावसाळी गटारात न सोडता सांडपाणी वाहिनीत सोडणे योग्य असते.

वापराविना पडून राहिलेला तलाव सार्वजनिक आरोग्याचाही प्रश्न ठरतो. शहरी हिवतापाचा प्रसार करणारा ॲनोफिलीस स्टीफेन्सी व डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस इजिप्ती हे डास साठलेल्या पाण्यात वाढतात. अंड्यापासून प्रौढ डास होण्यास उष्ण हवामानात सुमारे एक ते दीड आठवडा पुरतो. फायबरग्लासचा तलाव पावसाळ्यात रिकामा ठेवता येत नसल्याने त्याचे पाणी या काळात फिरते व क्लोरीनयुक्त ठेवणे हाच उपाय उरतो.

सुरक्षितता

जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालांनुसार बुडून मृत्यू होण्याचे प्रमाण १ ते ४ वर्षे वयोगटातील मुलांत सर्वाधिक आहे. लहान मूल बुडताना बहुधा आवाज होत नाही आणि ते अत्यंत थोड्या वेळात घडते. म्हणून घर आणि तलाव यांच्यामध्ये चारही बाजूंनी किमान १.२ मीटर उंचीचे, मुलांना चढता न येणारे कुंपण व आपोआप बंद होणारे फाटक असावे, असे ऑस्ट्रेलियातील नियम सांगतात. फ्रान्सने २००३ च्या कायद्याने खासगी तलावांना कुंपण, आच्छादन, गजर किंवा छत यांपैकी एक साधन बंधनकारक केले. आवाराची भिंत या कुंपणाची जागा घेऊ शकत नाही, कारण घरातील मूल भिंतीच्या आतच असते.

तळातील शोषण जाळीवर शरीर किंवा केस अडकण्याचा धोकाही असतो. अमेरिकेत २००७ मध्ये याविषयी स्वतंत्र कायदा झाला. एका पंपाला एकमेकांपासून दूर असलेल्या दोन जाळ्या जोडणे व त्यांवर फुगीर झाकणे बसवणे हा त्यावरील प्रचलित उपाय आहे. विजेच्या बाबतीत ३० मिलिअँपियरला तुटणारे गळतीरोधक यंत्र, योग्य अर्थिंग आणि पाण्यातील दिव्यांसाठी १२ व्होल्टचा पुरवठा आवश्यक मानला जातो.

खरेदीपूर्व तपासणी

निवड करताना पुढील क्रम उपयुक्त ठरतो. प्रथम जमिनीची तपासणी करून मातीचा प्रकार व पावसाळ्यातील भूजलाची संभाव्य पातळी ठरवली जाते. जुन्या विहिरी व शेजारच्या तळघरांतील पावसाळ्याचा अनुभव यासाठी उपयोगी पडतो. दुसऱ्या टप्प्यात परवानग्या आणि हौद नेण्याची वाट तपासली जाते. तिसऱ्या टप्प्यात हौदाची लेखी माहिती मागितली जाते: प्रत्येक थरातील रेझिनचा प्रकार, भिंत व तळ यांची किमान जाडी, बरगड्यांमधील अंतर आणि कठीणपणाची चाचणी. नळ्यांसाठी पाडलेल्या छिद्रांतून निघालेला कापीव तुकडा जपून ठेवल्यास जाडी प्रत्यक्ष मोजता येते.

हमीपत्रात संरचना, जेलकोट, यंत्रसामग्री आणि बसवणी यांची हमी वेगवेगळी असते. हौद तरंगण्याने झालेले नुकसान हमीतून वगळले आहे का, हे विशेषत्वाने पाहावे लागते. किमतींची तुलना करताना हौदाच्या दरासोबत खोदाई, खडी, वाहतूक, क्रेन, काँक्रीटचा पट्टा, पंप व गाळणी, कुंपण, वीजजोडणी आणि निरीक्षण नळी यांचा समावेश आहे की नाही, हे तपासले जाते. भूजल सतत उथळ राहणाऱ्या जागेत तलाव काही अंशी जमिनीच्या वर ठेवणे, वजनदार काँक्रीटचा तलाव बांधणे किंवा तलावाचा विचारच सोडणे हे पर्यायही तांत्रिकदृष्ट्या ग्राह्य असतात.

आयुष्य, दुरुस्ती व विल्हेवाट

चांगल्या रेझिनचा व नीट बसवलेला हौद काही दशके टिकतो. जेलकोट मात्र त्याआधी सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी व रसायनांनी निस्तेज होतो. लहान चरे व फोड घासून, भरून व त्यावर नवा जेलकोट देऊन दुरुस्त करता येतात. भिंतीवरील कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा बहुधा वरवरच्या असतात. परंतु लांब, सरळ व वाढत जाणाऱ्या भेगा मागच्या भरावातील पोकळी दर्शवू शकतात. अशा दुरुस्तीसाठी हौद रिकामा करावा लागत असल्याने ती उन्हाळ्यात, निरीक्षण नळीतील पातळी पाहून केली जाते.

या संमिश्रातील पॉलिएस्टर व व्हिनाइल एस्टर एकदा कठीण झाल्यावर पुन्हा वितळत नाहीत. त्यामुळे बाटल्यांच्या प्लॅस्टिकप्रमाणे त्यांचा पुनर्वापर होत नाही. जुना हौद कापून काढावा लागतो. कापताना उडणारी काचेची धूळ त्वचा व श्वसनमार्ग यांना त्रासदायक असल्याने कामगारांना मुखवटा व हातमोजे लागतात. काही देशांत असा कचरा सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन व कच्चा माल म्हणून वापरला जातो. एरवी तो भरावभूमीवर जातो व तेथे दीर्घकाळ तसाच राहतो.